भावनेमागचं वाक्य पकडायचं कसं

रात्री नऊ वाजता वरिष्ठांचा मेसेज येतो : ‘उद्या सकाळी आल्यावर मला भेटा.’ एकाचा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. दुसरा ‘नवं काम देणार असतील’ असं म्हणून फोन बाजूला ठेवतो आणि गाढ झोपतो. तिसरा चिडतो, ‘ही काय वेळ झाली मेसेज करायची?’ मेसेज तिघांनाही तोच आला होता. तो वाचल्यावर मनात उमटलेलं वाक्य मात्र प्रत्येकाचं वेगळं होतं, आणि भीती, निश्चिंती, राग हे सगळं त्या वाक्यातून आलं.

हे वाक्य इतक्या झरकन येऊन जातं की ते आलं होतं याचाच पत्ता लागत नाही. उरते फक्त छातीतली धडधड. मग आपण म्हणतो, ‘त्या मेसेजने माझी झोप उडवली.’ १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांना नैराश्याच्या रुग्णांशी बोलताना हेच दिसलं. रुग्ण जे मोठ्याने सांगत होते, त्याला समांतर असा दुसरा एक विचारप्रवाह त्यांच्या मनात चालू होता : झटपट, आपोआप येणारा आणि जवळजवळ नेहमी स्वतःला कमी लेखणारा. बेक यांनी या विचारांना स्वयंचलित विचार म्हटलं. त्याआधी, १९५५ पासून, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी घटना, तिच्याबद्दलचा आपला दृष्टिकोन आणि त्यातून होणारा परिणाम अशी तीन टप्प्यांची मांडणी विकसित करत नेली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीचा (सीबीटी; विचार आणि वागणं तपासून मनाचा त्रास कमी करण्याची पद्धत) पाया या दोघांच्या कामात आहे. आपल्याकडची ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण याच अनुभवातून आलेली. पुढे दिलेली पद्धत या उपचारपद्धतीतलीच आहे, आणि एक वही, पेन आणि रोजची पंधरा मिनिटं एवढ्यावर ती घरी करता येते.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रत्येक भावना विचारातून येत नाही. दोन रात्रींचं जागरण, रिकामं पोट, दिवसभरातला पाचवा कप कॉफी, थायरॉइडचा बिघाड, काही औषधं यांमुळेही मन अस्वस्थ किंवा उदास होतं. शिवाय वाट दोन्ही बाजूंनी चालू असते. उदास मनाला उदास आठवणीच आधी सापडतात आणि त्या आठवणी उदासी वाढवतात. ‘आधी विचार की आधी भावना’ या वादात शिरण्याचं काही कारण नाही. या चक्राची हातात धरता येईल अशी कडी म्हणजे विचार, कारण तो शब्दांत मांडता येतो आणि तपासता येतो.

‘वाटतं’ या शब्दाचा गुंता

मराठीत इथे एक खास अडचण आहे. ‘मला भीती वाटते’ आणि ‘मला वाटतं तो माझ्यावर रागावलाय’ या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच, पण पहिली भावना आहे आणि दुसरा विचार. हे दोन वेगळे करता आले नाहीत, तर पुढचं काहीच जमत नाही.

सोपी कसोटी अशी. ‘वाटतं’नंतर ‘की’ घालून पुढे अख्खं वाक्य येत असेल, तर तो विचार. ‘वाटतं’च्या आधी एखादाच शब्द पुरत असेल (भीती, लाज, वाईट, अपराधी, हेवा), तर ती भावना. सगळ्यात फसवं रूप म्हणजे ‘-सारखं वाटतं’. ‘फसवल्यासारखं वाटतं’, ‘कोणालाच माझी गरज नसल्यासारखं वाटतं’ ही भावनेच्या वेशातली विधानं आहेत. ‘त्याने मला फसवलं’ हा विचार, आणि त्यातून आलेली भावना राग असेल किंवा दुःख. दोन्ही वेगवेगळी लिहा. भावनेवर वाद घालता येत नाही, ती असते तशी असते. विचार मात्र खरा किंवा खोटा, पुरा किंवा अर्धवट असू शकतो.

नोंद कशी करायची

मनातल्या मनात हे करू नका. मनातल्या मनात विचार गोल गोल फिरतो, कागदावर त्याला कुठेतरी थांबावं लागतं. भावना उफाळली की शक्यतो त्याच दिवशी, ताज्या आठवणीतून लिहा.

मात्र भावना ९० किंवा त्याच्या वर असेल (० म्हणजे काहीच नाही, १०० म्हणजे आयुष्यातली सर्वांत तीव्र), तर लगेच लिहायला बसू नका. त्या अवस्थेत माणूस पुरावा शोधत नाही, वकिली करतो. आधी तीन ते पाच मिनिटं सावकाश श्वास घ्या : चार आकडे मोजत आत, सहा आकडे मोजत बाहेर. एक आकडा एका सेकंदाचा धरला, तर मिनिटाला सहा श्वास होतात. चक्कर आल्यासारखं वाटलं, तर मोजणं सोडून नेहमीसारखा श्वास घ्या. भावना ७०च्या आसपास उतरली की वही उघडा.

पहिली पायरी, घटना. कॅमेऱ्याला जे दिसलं असतं किंवा फोनला जे ऐकू आलं असतं, तेवढंच लिहा. ‘साहेबांनी सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला’ ही घटना नाही, तो घटनेचा लावलेला अर्थ आहे. ‘बैठकीत साहेब म्हणाले, हा तक्ता पुन्हा करा’ ही घटना. पुष्कळदा इथेच भावना दहा-पंधरा अंकांनी उतरते.

दुसरी पायरी, भावना. प्रत्येक भावनेला एक शब्द आणि एक आकडा. मेसेजच्या उदाहरणात : चिंता ८५, लाज ४०. शेजारी शरीरात काय होतंय तेही लिहा : छातीत धडधड, पोटात गोळा. भावनेला नेमकं नाव दिल्यानेही तिची धार थोडी कमी होते. ‘कसंतरीच होतंय’ यावर थांबू नका.

तिसरी पायरी, विचार. ही सर्वांत अवघड आहे, म्हणून तिला सर्वांत जास्त वेळ द्या. पहिलं सुचणारं वाक्य बहुधा प्रश्नार्थक असतं : ‘आता काय होणार?’ प्रश्न तपासता येत नाही. त्यामागचं विधान शोधा. स्वतःला विचारा, ‘या प्रश्नाचं मला सर्वांत भीती वाटणारं उत्तर कोणतं?’ मग उत्तर येतं : ‘अहवालातली चूक त्यांना सापडली.’ त्यावर पुन्हा विचारा, ‘समजा, तसं असलं, तर त्याचा माझ्यासाठी अर्थ काय?’ ‘मला काढून टाकतील.’ ‘आणि तसं झालं तर?’ ‘दुसरी नोकरी मिळणारच नाही.’ ‘म्हणजे?’ ‘मी कुचकामी आहे हे सगळ्यांना कळेल.’

असं चार-पाच पायऱ्या खाली उतरल्यावर एखादं वाक्य लिहिताना हात थबकतो, डोळ्यांत पाणी येतं किंवा पोटातला गोळा घट्ट होतो. तेच जळतं वाक्य. त्याच्याखाली रेघ मारा. ‘अहवालात चूक आहे’ या वाक्यात ८५ अंकांची चिंता निर्माण करण्याची ताकद नाही. भावना आणि वाक्य यांचं वजन जुळत नसेल, तर खरं वाक्य अजून सापडलेलं नाही. कधी शब्दांऐवजी चित्र येतं (सामान खोक्यात भरून बाहेर पडतोय). मग त्या चित्राचं म्हणणं एका वाक्यात लिहा. त्या वाक्यावर आत्ता किती विश्वास आहे तेही टक्क्यांत लिहा : ९०.

आता वाक्यातले ‘च’ शोधा आणि त्यांना गोल करा. मिळणारच नाही. कधीच जमत नाही. सगळेच हसतात. व्हायलाच हवं होतं. एलिस ज्या अट्टाहासी आग्रहांना भावनिक त्रासाचं मूळ मानत, ते मराठीत बहुतेक वेळा या एका अक्षरात बसलेले असतात. ‘मला यश मिळावं’ ही इच्छा आहे, ती अपुरी राहिली तर वाईट वाटतं. ‘मला यश मिळालंच पाहिजे’ ही जगावर घातलेली अट आहे, ती मोडली की माणूस कोसळतो. प्रत्येक ‘च’ चूक नसतो, पण प्रत्येकाने पुरावा दाखवायला हवा.

चौथी पायरी, पुरावा. पानाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे वाक्याच्या बाजूचा पुरावा, उजवीकडे विरुद्ध. डावी बाजू आधी आणि प्रामाणिकपणे भरा. ती रिकामी सोडून थेट उजवीकडे गेलात, तर मनाला ती फसवणूक कळते. पुरावा म्हणजे त्रयस्थ माणसालाही पटेल असं काही. ‘मला आतून तसं जाणवतं’ हा पुरावा नाही. ती भावना आहे आणि तिचीच तर चौकशी चालू आहे. डावीकडे येईल : अहवालात एका तक्त्याची बेरीज चुकली होती, मेसेजमध्ये कारण दिलेलं नाही. उजवीकडे : याआधी तीन वेळा असंच बोलावलं होतं, तीनही वेळा नवं काम होतं, मागची चूक दाखवल्यावर ती दुरुस्त करून दिली आणि विषय संपला.

उजवी बाजू सुचत नसेल, तर हाच प्रसंग जिवलग मित्रावर आला असता तर त्याला काय सांगितलं असतं, ते लिहा. स्वतःला ‘मी’ऐवजी नावाने हाक मारून लिहिलं, तरी थोडं अंतर मिळतं.

भीतीची साखळी लांब असेल, तर गणित करा. प्रत्येक कडी आधीची कडी खरी धरून किती शक्य आहे? चूक सापडली असेल : ५० टक्के. सापडली असली, तर त्यासाठीच बोलावलं असेल : ५० टक्के. तसं असलं, तर एवढ्यावरून काढून टाकतील : १० टक्के. काढलं, तर दुसरी नोकरी कधीच मिळणार नाही : १० टक्के. सगळ्यांचा गुणाकार पाव टक्का होतो, म्हणजे चारशेत एक. मन शेवटच्या कडीची भीती आत्ताच, पूर्ण शंभर टक्के भोगत असतं.

पाचवी पायरी, नवं वाक्य. दोन्ही बाजू सामावून घेणारं वाक्य लिहा : ‘तक्त्यात चूक होती आणि ती त्यांना दिसली असेल. तसं असेल तर उद्याचं बोलणं अवघड जाईल, पण चुका मी याआधीही निस्तरल्या आहेत. बोलावण्याचं कारण मला अजून माहीत नाही.’ यावर विश्वास किती? ६०च्या खाली असेल, तर वाक्य बदला, ते अजून तुमचं झालेलं नाही. मग पहिल्या भावनेला पुन्हा आकडा द्या. ८५ची चिंता ५०वर आली, तर काम झालं. शून्यावर आणायचीच नाहीये. उद्या अवघड बोलणं होण्याची शक्यता खरी आहे, आणि खऱ्या शक्यतेबद्दल थोडी काळजी वाटणं योग्यच आहे. शेवटी पुढच्या अर्ध्या तासात करण्याजोगं एक काम लिहा : बेरीज दुरुस्त करून पान तयार ठेवणं, आणि मग फोन दुसऱ्या खोलीत.

कोणत्या भावनेमागे काय शोधायचं

चिंतेमागे दोन अंदाज असतात : संकटाचा फुगवलेला आणि स्वतःच्या ताकदीचा घटवलेला. बहुतेक जण पहिल्याशीच झगडत बसतात. ‘झालंच तसं, तर मी काय करीन?’ याचं उत्तर कागदावर आलं की चिंता जास्त उतरते. रागामागे मोडलेला नियम असतो : ‘त्याने असं वागायलाच नको होतं.’ इथे विचारायचं ते हे, की हा नियम त्यालाही मान्य होता का, आणि त्याने तो मुद्दाम मोडला का. दुःखामागे काहीतरी गमावल्याची जाणीव असते. ते गमावणं खरं असेल, तर वादच घालू नका. शोकाला वेळ आणि सोबत लागते, पुरावा नव्हे. लाजेमागे ‘माझं व्यंग लोकांना दिसलं’ हा विचार असतो आणि तो उघड बोलल्याशिवाय सहसा हलत नाही.

अपराधीपणासाठी वेगळं साधन आहे. कागदावर मोठं वर्तुळ काढा. घडलेल्या गोष्टीला कारणीभूत ठरलेल्या सगळ्यांची आणि सगळ्याची यादी करा : इतर माणसं, वेळेची कमतरता, अपुरी माहिती, योगायोग. प्रत्येकाला वर्तुळाचा त्याच्या वाट्याचा तुकडा द्या. स्वतःचा तुकडा सर्वांत शेवटी काढा. आधी काढलात, तर तो अख्खं वर्तुळ खातो. उरलेला तुकडा बहुधा लहान असतो, पण असतो. तेवढ्याची माफी मागा, भरपाई करा. आपल्या कृतीचा पश्चात्ताप माणसाला दुरुस्तीकडे नेतो. ‘मी माणूसच वाईट’ ही शिक्षा कुठेच नेत नाही.

कुठे बिनसतं

पहिली आणि सर्वांत घातक गल्लत म्हणजे याला ‘सकारात्मक विचार’ समजणं. ‘मी उत्तम आहे, सगळं छान होणार आहे’ असं घोकल्याने ज्यांना गरज नाही त्यांना बरं वाटतं; ज्यांचा स्वतःवर विश्वास कमी आहे त्यांना उलट जास्त वाईट वाटू शकतं. २००९मध्ये मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. कारण समजण्यासारखं आहे : न पटणारं वाक्य उच्चारलं की मन लगेच त्याच्याविरुद्धचे दाखले काढू लागतं.

दुसरी, विचार दाबून टाकणं. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७मध्ये प्रयोगात सहभागी झालेल्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. आणि नंतर मुभा दिल्यावर, सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा या लोकांच्या मनात ते जास्त वेळा आलं. विचार येत नाही ना, हे तपासण्यासाठीही तो मनात धरावाच लागतो. त्याऐवजी चिंतेला वेळ नेमून द्या : रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी वीस ते तीस मिनिटं, झोपण्याच्या अगदी आधी नको. दिवसभरात चिंता आली की एक ओळ टिपून ठेवा आणि ‘संध्याकाळी सहा वाजता’ असं म्हणून हातातल्या कामाकडे या. सहा वाजेपर्यंत निम्म्या ओळी शिळ्या झालेल्या असतात.

तिसरी गल्लत म्हणजे नोंदीच्या नावाखाली रवंथ करणं. ‘माझ्याच बाबतीत असं का होतं?’ यावर पानंच्या पानं भरत असतील, तर थांबा. ‘का’च्या जागी ‘आता नेमकं काय आणि कसं’ घाला. एका नोंदीला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर ती तपासणी राहिलेली नाही.

कधी विचार पूर्ण खरा निघतो. कर्ज आहे, आजार आहे, नातं तुटलंय. तेव्हा वाक्य बदलण्याचा खटाटोप सोडून प्रश्न सोडवण्याकडे वळा, किंवा जे सुटणारं नाही त्याच्यासोबत पुढचा दिवस कसा काढायचा हे ठरवा. खऱ्या अन्यायाने होरपळलेल्या माणसाला ‘तुझा विचार बदल’ असं सांगणं हा या पद्धतीचा गैरवापर आहे.

आणि शेवटची, सर्वांना येणारी अडचण : ‘डोक्याला पटतं, पण आत उतरत नाही.’ इथे आणखी नोंदी करून उपयोग नाही, अनुभव लागतो. समजा वाक्य आहे, ‘बैठकीत शंका विचारली, तर सगळेच हसतील.’ अंदाज आकड्यांत लिहा : दहापैकी किमान पाच जण हसतील, खात्री ८० टक्के. मग पुढच्या तीन बैठकींत प्रत्येकी एक शंका विचारा आणि हसणारे मोजा. एक अट : वाक्य आधी पाठ करून म्हणणं, नजर खाली ठेवणं, घाईने बोलून टाकणं असे बचावाचे आडोसे त्या वेळी सोडून द्यायचे. नाहीतर मन म्हणतं, ‘आडोसा होता म्हणून वाचलो.’ सुरुवात ४०-५० अंकांची भीती वाटेल अशा प्रसंगापासून करा, ९०च्या प्रसंगापासून नको.

एकट्याने कधी करू नये

उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक-काम बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. अशा वेळी वही उपचारांना पूरक असते, त्यांना पर्याय नाही. जगणं नकोसं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर वही बंद करा, जवळच्या माणसाला आत्ताच सांगा, एकटे राहू नका आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्या. मंत्रचळ (ओसीडी; नकोसे विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येणं) असलेल्यांनीही ही पद्धत तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावी, कारण त्यात पुरावा तपासणं हीच एक न थांबणारी कृती होऊन बसू शकते. जुन्या भीषण प्रसंगांच्या आठवणी उसळत असतील, त्यांच्यासाठीही हेच.

बाकीच्यांनी दिवसाला एक नोंद, सहा आठवडे. पहिल्या आठवड्यात फक्त घटना, भावना आणि विचार लिहा, पुरावा नको. आधी पकडण्याचा सराव. सुरुवातीच्या नोंदी विस्कळीत होतात आणि आकडा हलत नाही, हे सगळ्यांचं होतं. सहा आठवड्यांनी सगळी पानं एकत्र समोर ठेवा आणि फक्त रेघ मारलेली वाक्यं एका कागदावर उतरवून काढा. चाळीस प्रसंग वेगळे असतील, पण वाक्यं बहुधा दोन-तीनच निघतात : ‘मी पुरेसा चांगला नाही’, ‘लोक सोडून जातात’, ‘चूक झाली की सगळं संपलं’. ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या वेळी छाती धडधडली की तिसऱ्या पायरीवर शोधाशोध करत बसू नका. आधी या पानाकडे पाहा आणि आज यांतलं कोणतं बोलतंय ते ओळखा.